लेओकादियोची गिरकी आणि पालोमाचा गळा

उसाच्या फडात डावखुरा तोडणारा कुणालाच नको असतो. सगळ्यांचे कोयते एका अंगाने फिरतात आणि याचा उलट्या अंगाने; शेजारच्या ओळीतला माणूस ऊस कमी तोडतो आणि आपले कान जागेवर आहेत का तेच जास्त चाचपतो. म्हणून आमच्या मुकादमानं लेओकादियो पेगेरोला बांधाकडेची एकटी ओळ दिली होती. एकट्या माणसाला कंटाळा येतो. कंटाळा आला की लेओ ढेकूळ उचलायचा आणि लांब उभ्या असलेल्या उसाच्या गाडीच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवायचा. घंटा वाजे, बैलाला पत्ता नसे. गाडीवान मात्र दिवसभर मागे वळून बघत बसायचा.

हे मी डोळ्यांनी बघितलं आणि त्याच रविवारी त्याला मैदानावर ओढत आणलं. मी तेव्हा आमच्या पालोमा वस्तीच्या बेसबॉल संघात पहिल्या बेसवर उभा राहायचो. लेओ माझ्याहून सात वर्षांनी लहान, नुकती मिसरूड फुटलेला. त्याला मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभं केलं, हातात चेंडू दिला आणि म्हटलं, "घंटा समज." पहिलाच चेंडू असा गेला की समोरचा फलंदाज बॅट खाली ठेवून म्हणाला, "आधी याला पकडा, कुणाचा तरी जीव घेईल हा."

सुसाट चेंडू तर त्याच्याकडे जन्मापासून होता. पण खरी मजा त्याच्या गिरकीत. चेंडू फलंदाजाच्या छातीच्या रोखानं यायचा, फलंदाज पोट आत ओढून मागे सरायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू उतारावरून सायकल घसरावी तसा खाली वळून कॅचरच्या हातमोज्यात. अंपायर ओरडायचा, "स्ट्राइक!" तीन वेळा असं झालं की फलंदाज घरी. शेजारच्या वस्त्यांतली माणसं आमच्याशी खेळायला येईनाशी झाली. म्हणायची, "तुम्ही त्याला उजव्या हातानं टाकायला सांगा, मग येतो."

डावखुरा पिचर चेंडू टाकायला उभा राहतो तेव्हा त्याची छाती पहिल्या बेसकडे असते. फलंदाजाला दिसतो त्याचा उजवा खांदा, आणि मला दिसायचं त्याचं तोंड. गंमत अशी, की तो सुसाट टाकणार की गिरकी, ते मला आधीच कळायचं. कसं ते नाही सांगता यायचं. आतून कळायचं. मी वस्तीभर सांगत फिरायचो, "लेओचं आणि माझं मन एक आहे. देवानं घाईत दोन अंगं बनवली." पुढे मी त्याच्या थोरलीचा धर्मपिता झालो आणि आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे झालो. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचढ. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही.

लेओ एकोणीस वर्षांचा असताना उत्तरेकडच्या परक्या देशातल्या एका क्लबाचा माणूस जीप घेऊन आला, तीन दिवस त्याला चेंडू टाकायला लावला आणि चौथ्या दिवशी सही घेऊन गेला. सहा वर्षं लेओ तिकडे होता. मक्याच्या शेतांमध्ये वसलेली लहान लहान गावं, तिथले लहान लहान संघ. एक पायरी वर, दोन पायऱ्या वर, अर्धी पायरी खाली. थंडी अशी की त्याच्या बोटांना चेंडूची शिवण लागेना. त्यानं पत्र पाठवलं, "कोंपाद्रे, बेरोन पाठवा." बेरोन म्हणजे आमचं अंगाला चोळायचं, दारूसारखा वास मारणारं औषध, डोकं दुखलं, गुडघा दुखला, सासू येणार असली तरी आम्ही तेच चोळतो. माझ्या बायकोनं चार बाटल्या मोज्यांत गुंडाळून पाठवल्या. लेओनं सामन्याआधी दंडापासून बोटांपर्यंत चोळलं. तिथला मॅनेजर जवळ आला, हुंगलं, आणि दारू पिऊन आलास म्हणून त्याला तीन सामने घरी बसवलं. लेओला भाषा येईना, त्याला पटवता येईना. शेवटी त्यानं मॅनेजरचा दुखरा गुडघा धरला आणि बळंच बेरोन चोळलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर जिने चढला. चौथ्या दिवशी माझ्या बायकोला त्याच्याकडून बाटल्यांची मागणी आली.

पुढे लेओचा खांदा धरला आणि क्लबानं त्याला निरोपाचं पत्र दिलं. तो परत आला तो गुडघ्यापर्यंत लोंबणारा लोकरी कोट घालून, भर एप्रिलात, घामानं निथळत. त्या कोटात पालोमातल्या एकवीस जणांनी फोटो काढून घेतले. त्यातल्या दोघांची लग्नं त्या फोटोवर जुळली.

खांदा बरा झाला आणि इथल्या हिवाळी स्पर्धेत पुएर्तो आंचोच्या पेलिकन संघानं त्याला घेतलं. तिथून त्याचे खरे दिवस सुरू झाले! सामना असला की आमची सगळी वस्ती कारखान्याच्या ऊस वाहायच्या ट्रकमध्ये उभी राहून जायची. वीस मैल. उतरलो की केसांत पाचट, कानांत पाचट. आम्ही बसायचो पहिल्या बेसच्या बाजूला, उन्हातल्या स्वस्त बाकांवर, कारण तिथून लेओचं तोंड दिसतं. तोमासिना धोबीण ढोल घ्यायची. वर्षानुवर्षं हातानं कपडे आपटलेली बाई, तिनं ढोल वाजवला की विजेचे दिवे हलायचे. आणि ओरडायला मी.

मला आधी कळायचंच ना! लेओ पाय उचलायचा आणि मी ओरडायचो, "आली गिरकी!" मागून सगळी वस्ती, "गिरकीऽऽ!" आणि गिरकीच यायची. किंवा "सुसाट!" आणि सुसाटच. दोन-तीन हंगामांत तर मी तोंड उघडायच्या आधीच वस्ती ओरडायला लागली. सगळ्यांनाच आतून कळायला लागलं. शेजारच्या बाकांवरची शहरी माणसं तोंडात बोट घालायची. "तुम्हाला कसं कळतं हो?" आम्ही छाती फुगवून म्हणायचो, "आमचाच आहे तो. आमच्याच उसावर वाढलाय." आणि फलंदाजाला लागत होतं का? छे! त्या काळात लेओचा चेंडू सांगून टाकला तरी लागत नसे. वीज पडणार हे कळलं म्हणून कुणी ती झेलतं का?

पण वय कुणाला सुटलंय. तेहतिसाव्या वर्षी लेओची वीज जरा मंद झाली. त्या हंगामात तो ओळीनं पाच सामने हरला. फलंदाज जणू त्याच्या खिशात हात घालून चेंडू काढत होते. गिरकी आली की आधीच वाट बघत उभे. सुसाट आला की आधीच बॅट फिरवलेली. वर्तमानपत्रात आलं, 'पेगेरोचा हात थकला.' लेओची बायको बिएनवेनिदा ते मोठ्यानं वाचून म्हणाली, "हात थकला म्हणे! घरात पाण्याची एक बादली उचलत नाही, थकेल कशानं?" पण तिनं तो कागद चुलीत घातला, हेही मी बघितलं.

पाचव्या हारीनंतर पेलिकनचा मॅनेजर किरिको लेओच्या घरी आला. ठेंगणा माणूस, बोलणं त्याहून ठेंगणं. कॉफी घेतली, कप पालथा घातला आणि म्हणाला, "रविवारी दुपारी खेकड्यांशी सामना. तू टाकायचंस. सोमवारी शेवटच्या फेरीची यादी लागते. जिंकलास तर तुझं नाव यादीत. नाहीतर हात मिळवू, तू तुझ्या घरी, मी माझ्या."

खेकडे म्हणजे सान हासिंतोचा संघ. त्या वर्षी सगळ्यांत तगडा. आणि इकडे कारखान्यातून निरोप येऊन पडलेला, की लेओ रिकामा होत असेल तर फडावर मुकादमाची जागा आहे. चांगली जागा, वाईट नाही. पण तो निरोप ऐकताना लेओचा चेहरा बघवला नाही.

"कोंपाद्रे," तो मला म्हणाला, "मला अजून टाकता येतं. हात दुखत नाही, खांदा दुखत नाही. चेंडू वळतो तसाच वळतोय. मग लागतो कसा?"

"नशीब," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी मी त्याला बदामाच्या झाडाखाली डॉमिनोला बसवला. म्हटलं, डोकं जरा दुसरीकडे लागू दे. चौघं आम्ही. लेओ आणि मी एका बाजूला. समोर डॉन कॉन्फेसोर आणि त्यांचा जावई. डॉन म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याला लावायचा मान, आणि कॉन्फेसोर म्हणजे आमच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं बसलेला म्हातारा. उसाच्या गाडीत खाली दगड घातलेत का, ते तो गाडीवानाचं तोंड बघून सांगायचा. काटा नंतर बघायचा.

डॉमिनोत आमच्याकडे बोलायला बंदी. जोडीदाराला खुणावायला तर त्याहून बंदी. त्यावरून मागे एक लग्न मोडलंय. सोंगट्या आपटायला मात्र पूर्ण मुभा. तर आम्ही ओळीनं पाच डाव हरलो. लेओ काही डाव रचायला जायचा आणि म्हातारा त्याच्या आधीच वाट बंद करायचा. सहाव्या डावाला लेओचा हात सोंगटीकडे गेला आणि म्हातारा हसून म्हणाला, "ठेव ती खाली, पोरा. मला अडकवायला निघालायस, पण तिकडून नाही अडकणार मी."

लेओनं सोंगटी तशीच धरून विचारलं, "डॉन कॉन्फेसोर, तुम्हाला कसं कळतं हो?"

"तुला फसवाफसवी करायची असली की तुझा डावा गाल फुगतो."

"माझा?"

"मग काय माझा? सरळ सोंगटी टाकतोस तेव्हा गाल सपाट. डाव रचतोस तेव्हा गालात लिंबू. आम्हा सगळ्यांनाच सवय आहे, फडात उसाचं कांडं गालात धरून काम करायची. जोर लावायचा असला की कांडं गालात दाबायचं. बाकीच्यांची सवय फड सुटला की सुटली. तुझ्या गालाला कुणी कळवलंच नाही."

म्हातारा हसला. जावई हसला. मीही हसलो. आणि हसता हसता मधेच थांबलो.

कारण ते लिंबू मला माहीत होतं. आधी पहिल्या बेसवरून, मग बाकांवरून मी ते सोळा वर्षांपासून बघत होतो. लेओनं पाय उचलला, डावा गाल फुगला की गिरकी. सपाट राहिला की सुसाट. मला आतून कळत होतं ते हे! दोन अंगं, एक मन म्हणून गावभर मिरवलं, आणि सगळा कारभार एका गालाचा!

आणि पुढचं सुचलं तेव्हा तर मी उठूनच उभा राहिलो. सोंगट्या सांडल्या. फलंदाजाला तो गाल दिसत नाही. त्याला दिसतो उजवा खांदा, उजवा कान. पण त्याला कान आहेत ना! पहिल्या बेसच्या बाजूला दीडशे माणसं ढोल घेऊन बसलेली, आणि चेंडू सुटायच्या आधी एका सुरात ओरडतात, "गिरकीऽऽ!"

"लेओ," मी म्हटलं, "तुझा हात थकलेला नाही. आम्ही तुला विकलं."

लेओनं हातातली सोंगटी मुठीत आवळली. मग म्हणाला, "पाचही सामने?"

"पाचही. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी."

मला वाटलं आता सोंगटी कपाळावर बसणार. पण तो माणूस उठून हसायला लागला! "म्हणजे माझा हात ठीक आहे! कोंपाद्रे, माझा हात ठीक आहे!" म्हाताऱ्याच्या टकलाचा त्यानं मुका घेतला.

लगेच लेओ, मी आणि म्हातारा लेओच्या परसात चेंडू घेऊन गेलो. गाल सपाट ठेवून गिरकी टाकायची, बस, एवढंच. पहिली गिरकी शेजारी डॉन कॉन्फेसोरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. दुसरी वाळत घातलेल्या चादरीत. तिसरी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. गाल फुगला नाही की चेंडू वळेच ना! इतक्या वर्षांत गाल आणि मनगट एका दोरीला बांधले गेले होते. मी त्याचा गाल हातानं दाबून धरला, तर चेंडू माझ्याच पायावर आदळला.

आवाज ऐकून बिएनवेनिदा चादर घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं. चादरीवरचा चिखल झटकला.

"गिरकीला गाल फुगतो, तो थांबत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग सुसाटला पण फुगव."

आम्ही तिघं पुरुष एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय बघताय? दोन्हीला फुगवला की कुणाला काय कळणार? कधी फुगव, कधी नको. बायकोशी कसं वागतोस? जायचं असतं एकीकडे, तोंड करतोस दुसरीकडे. तसंच."

लेओनं गाल फुगवून सुसाट टाकला. सूं करून कुंपणाच्या फळीत घुसला! गाल फुगवला काय, सपाट काय, सुसाटला फरक पडत नव्हता.

"मग वस्तीला सांगून येतो," मी निघालो.

"खबरदार!" बिएनवेनिदा म्हणाली. "पालोमाला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. संध्याकाळपर्यंत सान हासिंतोला कळेल."

"मग आम्ही उद्या गप्प बसू?"

लेओ माझ्याकडे बघत होता. "नाही कोंपाद्रे. तुम्ही ओरडायचं. नेहमीसारखं. जे दिसेल ते."

"पण ते चुकीचं निघेल!"

"तेच तर हवंय."

"सगळ्या वस्तीसमोर माझी अब्रू जाईल!"

"जाऊ दे की," बिएनवेनिदा म्हणाली. "सोळा वर्षं फुकटची मिरवलीत ना?"

रविवारी दुपारी दोनला सामना. स्टेडियममध्ये मुंगीला जागा नाही. खेकड्यांचा पहिला फलंदाज आला. लेओनं पाय उचलला, गाल फुगवला. मी ओरडलो, "आली गिरकी!" मागून वस्ती, "गिरकीऽऽ!" ढोल धडाम!

आला सुसाट. फलंदाज गिरकीची वाट बघत राहिला आणि चेंडू त्याच्या नाकासमोरून निघून गेला. "स्ट्राइक!"

फलंदाजानं मान वळवून आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्ही त्याला शब्द देऊन फिरवला. तेव्हा माझी खात्री पटली. तो आमच्याच भरवशावर उभा होता!

वस्तीत कुजबुज झाली. दुसरा चेंडू, गाल फुगलेला, "गिरकीऽऽ!" पुन्हा सुसाट. तिसरा, गाल फुगलेला, "गिरकीऽऽ!" आणि या वेळी गिरकीच. फलंदाज हवेत बॅट फिरवून स्वतःभोवतीच फिरला आणि खाली बसला.

तीन इनिंगमध्ये खेकड्यांचा एकही गडी बेसवर पोचला नाही. मैदान पेटलेलं! आणि आमच्या बाकांवर माझी हजामत चाललेली.

"मेलितोन, डोळे घरी ठेवून आलास का?" तोमासिना म्हणाली.

"एखाद-दुसरं चुकतं माणसाचं."

"एखाद-दुसरं? अर्धे चुकवलेस! शेजारचे शहरी लोक हसायला लागलेत. उठ, तू मागे बस. मी ओरडते."

इतक्या हंगामांत पहिल्यांदा मला मागच्या बाकावर बसवलं. मी तोंड वाईट करून बसलो आणि आतून उकळ्या फुटत होत्या. तोमासिनानं ओरडायला घेतलं. तिचा गळा माझ्या दुप्पट, त्यामुळे चुकाही आता दुप्पट लांब ऐकू जायला लागल्या. खेकड्यांच्या एका फलंदाजानं तिच्या "सुसाट!"वर विश्वास टाकला आणि गिरकीसमोर बॅट हातातून सुटून तिसऱ्या बेसपर्यंत गेली!

पाचव्यात पेलिकननी दोन धावा काढल्या. सातव्यात खेकड्यांनी एक फेडली. तीही आमच्याच गड्याच्या हातून चेंडू निसटला म्हणून. दोन-एक. आठव्यापासून खेकडे शहाणे झाले. त्यांच्या कोचनं हातवारे करून सगळ्यांना सांगितलं, त्या बाईचं ऐकू नका. पण कान थोडेच बंद करता येतात? ऐकायचं नाही म्हटलं की आणखीच ऐकू येतं.

नववी इनिंग. शेवटची. दोन गडी बाद, तिसरा झाला की सामना संपला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर त्यांची दोन माणसं. एक फटका बसला की दोघंही धावा काढणार, सामना त्यांचा, आणि लेओ फडावर. आणि बॅट घेऊन आला राडामेस, ज्याला सगळी स्पर्धा रणगाडा म्हणते. दंड असे की बाहीचे टाके उसवलेले.

किरिको उठून मातीच्या उंचवट्याकडे निघाला. पिचर बदलायचा असला की मॅनेजर असाच चालत जातो. लेओनं त्याला हातानं थांबवलं. नंतर त्यानं सांगितलं, किरिको म्हणाला होता, "दमलास." आणि हा म्हणाला होता, "बोलायचं असेल तर तीन चेंडूंनंतर ये." किरिको अर्ध्या वाटेवर उभा राहिला, डोकं खाजवलं आणि परत गेला.

पहिला चेंडू, गाल फुगलेला. आता वस्तीत दोन तट! तोमासिनाचा तट "सुसाट!", खालच्या आळीचा तट "गिरकी!" आली गिरकी. राडामेसनं हाणली ती आमच्या बाकांवरून, रेषेच्या बाहेर. वीतभर आत असती तर संपलंच होतं. बाहेर गेली म्हणून नुसती स्ट्राइक.

"मी म्हटलं नव्हतं गिरकी?" खालची आळी.

"बंद पडलेलं घड्याळपण दिवसातून दोनदा बरोबर असतं!" तोमासिना.

दुसरा चेंडू, गाल सपाट. सगळे एका आवाजात, "सुसाट!" आणि सुसाटच! राडामेसला वाटलं हे पुन्हा खोटं बोलतायत. गिरकीची वाट बघत उभा राहिला. दुसरी स्ट्राइक!

आता एकच. आमची माणसं उभी, शहरी माणसं उभी, शेंगदाणेवाला टोपली डोक्यावर ठेवून उभा. बिएनवेनिदा माझ्याशेजारी, टॉवेलचं टोक दातांत धरून.

लेओनं चेंडू हातमोज्यात धरला. पाय उचलला. आणि दोन्ही गाल फुगवले!

दोन्ही! डावा आणि उजवाही! भोपळा! असलं तोंड आम्ही जन्मात बघितलं नव्हतं. तोमासिनानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खालच्या आळीनं श्वास घेतला आणि सोडलाच नाही. ढोलाची काठी हवेत. नऊ हंगामांत पहिल्यांदा पालोमा वस्ती गप्प झाली.

राडामेस आमच्या कितीही खोट्याला तयार होता, गप्पपणाला नव्हता. तेवढ्या अर्ध्या क्षणात त्याचे डोळे आमच्या बाकांकडे गेले. हे मेले गप्प का? तेवढंच. परत वळले तेव्हा चेंडू त्याच्या छातीच्या रोखानं येत होता. तो मागे सरला, आणि चेंडू उतारावरून घसरल्यासारखा खाली वळला, ठप्प, हातमोज्यात.

"स्ट्राइक तीन!"

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. मी कुंपणावरून आत उडी मारली एवढं खरं. त्या वयात कसा चढलो ते कुंपणाला विचारा. लेओला खांद्यावर घेतलं होतं आणि त्याचे गाल अजून फुगलेले होते. मी ओरडलो, "सोड आता हवा!" तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला. किरिको गर्दीतून वाट काढत आला. सोमवारपर्यंत थांबला नाही. लेओला खाली उतरवायला लावलं, खिशातून यादीचा कागद काढला, लेओच्याच पाठीवर ठेवून वरती पहिलं नाव लिहिलं आणि म्हणाला, "शुक्रवारी पहिला सामना तू टाकायचास. त्या तोंडाची काय भानगड आहे ती मला सांगू नकोस. मला कळलं तर बिघडेल."

ट्रकमधून परत येताना लेओ आमच्यातच उभा होता, पाचटात. मी आता सगळं सांगून टाकलं. गालाचं, डॉमिनोचं, चादरीचं. मला वाटलं वस्ती तोंडात बोट घालेल.

तोमासिना ढोलावर बसून म्हणाली, "एवढंच? मला पहिल्या इनिंगपासून माहीत होतं. मी मुद्दाम चुकीचं ओरडत होते."

"तू?"

"मग? तुला मागे का बसवला? तुला चुकीचं नीट ओरडता येत नव्हतं. तुझ्या आवाजात खोटेपणा कळत होता."

"आम्हाला तर गेल्या वर्षीपासूनच माहीत होतं," खालच्या आळीतून कुणीतरी म्हणालं. "म्हणून तर आम्ही उलटं ओरडलो."

"आणि शेवटी गप्प बसायचं आम्हीच ठरवलेलं," तिसरा म्हणाला. "एकाच वेळी. खूण करून."

वीस मैलांच्या रस्त्यावर दीडशे माणसं लेओला वाचवायचा आपापला कावा सांगत होती, आणि कुणाचाच कावा दुसऱ्याशी जुळत नव्हता. लेओ प्रत्येकाला मान डोलावून "उपकार झाले," म्हणत होता. शेवटी बिएनवेनिदानं मोठ्यानं विचारलं, "बरं, एवढे सगळे हुशार आहात, तर शुक्रवारी काय ओरडायचं ते ठरवा आता."

त्यावरून जी जुंपली! अर्धे म्हणाले खरं ओरडायचं, अर्धे म्हणाले खोटं, आणि तोमासिना म्हणाली, जिचा ढोल तिचा निर्णय. लेओ पुढे आणखी चार हंगाम खेळला, सदतिसाव्या वर्षापर्यंत, आणि शेवटच्या फेरीतले सहा सामने जिंकला. त्या चार हंगामांत पालोमा वस्ती एका चेंडूवरसुद्धा एका सुरात ओरडली नाही.